बंद करून चालू करा

आमच्या घरातला वायफायचा डबा गेली पाच वर्षं फ्रिजवर, कोमेजलेल्या मनीप्लँटच्या शेजारी, कोणाच्याही अध्यातमध्यात न येता पडून होता. आईने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता. रुमालाच्या भोकांतून दोन अँटेना वर आलेल्या, त्यामुळे तो एखाद्या नवरदेव सशासारखा दिसायचा. त्याची सेवा म्हणाल तर एवढीच, की नेट अडलं की बटण बंद करायचं, दहा आकडे मोजायचे आणि चालू करायचं. हा मंत्र आईला मीच दिला. तिने तो इतक्या निष्ठेने घेतला, की पुढे मिक्सर अडला, टीव्ही मुका झाला, एकदा तर सोसायटीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकली, तेव्हाही आतून तिचाच आवाज येत होता, "अरे, बंद करून चालू करा रे!"

आणि लिफ्ट चालू झाली, हेही सांगायला हवं.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणजे माझ्यासारख्या माणसाने हात घालण्याच्या अगदी लायकीचं झालं होतं.

निमित्त झालं माझ्या चेहऱ्याचं. ऑफिसची तिमाही मीटिंग मी डोंबिवलीच्या घरातून करत होतो. "थकबाकीच्या वसुलीबाबत मला असं वाटतं की..." एवढं म्हणेपर्यंत आतल्या खोलीत कन्येने कॉलेजच्या प्रकल्पाचा व्हिडिओ वर चढवायला घेतला, आणि मी गोठलो. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, एक बोट हवेत. अकरा सहकाऱ्यांनी माझी ती मूर्ती दीड मिनिट पाहिली. त्यातल्या एकाने तिचं स्टिकर केलं. आता आमच्या ग्रुपवर कोणी "पगार जमा झाला का?" असं विचारलं की उत्तरादाखल मी येतो.

केबलवाल्याला फोन केला. "शंभरचं कनेक्शन आहे ना रे आपलं?"

"इथून शंभरच दिसतंय साहेब. बंद करून चालू करा."

गणपतीत भाचा आला. तो पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे ज्ञान भरपूर आणि ते वापरायला स्वतःचं घर नाही. त्याने मोदक हातात धरूनच निदान केलं. "मामा, स्पीडचा प्रश्नच नाहीये. हा बफरब्लोट आहे." डॉक्टर "पित्त आहे" म्हणतात त्या सुरात.

मला ते कळलं ते झेरॉक्सच्या दुकानामुळे. दुकानात एक विद्यार्थी चारशे पानांचा प्रबंध घेऊन उभा आहे. त्याच्यामागे आपण, हातात आधार कार्डाची एकच प्रत काढायची. यंत्र जोरात चालतंय, दुकानदार कामसू आहे, कोणालाच परत पाठवत नाही, सगळ्यांचे कागद घेऊन गठ्ठ्याखाली ठेवतो. आणि आपलं एक पान त्या चारशेंच्या तळाशी जातं. आमचा डबा असाच भिडस्त निघाला. कन्येचा व्हिडिओ म्हणजे प्रबंध आणि माझं थकबाकीबद्दलचं मत म्हणजे आधार कार्ड. यावर उपाय असा, की डब्यात एक शहाणा दुकानदार बसवायचा, जो मध्येच ओरडेल, "एक-एक पानवाले पुढे या!" या दुकानदाराचं नाव 'केक'. हे खोटं वाटेल, पण खरं आहे. २०१८ पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे.

"आपल्या डब्यात नाही?"

भाच्याने रुमाल उचलला, कुठलंसं पान उघडलं आणि तोंडातला मोदक चावायचा थांबला. "मामा, याचं शेवटचं अपडेट २०१९चं आहे. कंपनी याला विसरली."

आमच्या बिल्डिंगचा बिल्डरही असाच चाव्या देऊन आम्हाला विसरला, त्यामुळे मला त्यात काही नवल वाटलं नाही. पण भाचा पेटला होता. कंपनीने भरलेली जुनी प्रणाली पुसून तिथे ओपनडब्ल्यूआरटी नावाची खुली प्रणाली बसवायची, असं त्याचं म्हणणं. फुकट आहे. जगभरचे हौशी आणि जाणकार मिळून ती करतात. डबा तोच, आत्मा नवा.

"आणि तो डबा तुझा होईल, मामा. खऱ्या अर्थाने तुझा."

इथे मी घसरलो. पन्नाशीच्या पुरुषाला घरातली एखादी वस्तू खऱ्या अर्थाने त्याची होईल असं कोणी सांगू नये.

मग त्याने कुळकथा सांगितली. २००२ च्या शेवटी लिंक्सिसने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा डबा बाजारात आणला. पुढच्या वर्षी सिस्कोने ती कंपनीच विकत घेतली. इकडे काही चौकस लोकांना वास लागला, की डब्याच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्सची अट सरळ असते. समजा, शेजारणीने भाजणीचं प्रमाण तुम्हाला फुकट दिलं. चकल्या करा, खुशाल विका. पण विकल्यात तर घेणाऱ्याला प्रमाणही द्यायचं, त्यात तुम्ही काय कमीजास्त केलं तेही सांगायचं. कंपनीने चकल्या विकल्या आणि प्रमाण द्यायचं राहिलं. लोकांनी तगादा लावला, तेव्हा २००३ मध्येच तिने ते उघड केलं. त्या प्रमाणावरून २००४ मध्ये या मंडळींनी आपली चूल मांडली. नावातलं डब्ल्यूआरटी त्या पहिल्या डब्याचंच, म्हणजे आडनाव म्हणा.

२०१६ मध्ये यांच्यात फूट पडली आणि काही जण वेगळ्या नावाने वेगळे झाले, हे ऐकल्यावर ही माणसं मला एकदम आपली वाटली. २०१८ मध्ये ती पुन्हा एकत्र आली आणि जुनंच नाव ठेवलं, हे ऐकल्यावर परकी वाटली.

पूर्वी हे लोक आपल्या आवृत्त्यांना दारूच्या मिश्रणांची नावं द्यायचे आणि डब्यात शिरलं की पडद्यावर आधी त्या मिश्रणाची कृती यायची. व्हाइट रशियन, कामिकाझे वगैरे. "कामिकाझेमध्ये व्होडका, ट्रिपल सेक आणि लिंबाचा रस, तिन्ही दहा-दहा औंस," भाचा रंगात येऊन सांगत होता. आई आरतीची तयारी करत होती. ती म्हणाली, "लिंबाचा रस कशाला? डब्याला?" आता नुसते आकडे असतात, असं सांगून मी तो विषय मिटवला. बायकोच्या डोक्यातून तो मिटला नाही. पुढचे पंधरा दिवस मी लॅपटॉप घेऊन उशिरापर्यंत बसलो की ती जाता-जाता माझा ग्लास हुंगून जायची.

भाचा अनंत चतुर्दशीला परत गेला. जाताना "काही अडलं तर फोन कर" म्हणाला. हे वाक्य ज्याला म्हणतात, तो माणूस अडणारच असतो.

पहिलं काम, डब्याच्या पोटाखालचं लेबल वाचणं. कारण कंपन्या एकाच नावाचा डबा वर्षानुवर्षं विकतात आणि आतला मसाला मात्र गुपचूप बदलत राहतात. हॉटेलची पाटी तीच, आचारी दर सहा महिन्यांनी नवा, तसं. आवृत्ती दोनची फाइल आवृत्ती तीनमध्ये घातली तर डबा कामातून जातो. तो आवृत्तीचा आकडा इतक्या बारीक अक्षरात छापलेला, की आईचं भिंग, माझा चष्मा आणि कन्येचा मोबाईल कॅमेरा एकापुढे एक धरल्यावर तो दिसला. त्यावर फोडणीचा डाग होता. मला तीन वाटलं, कन्येला आठ. बायकोने डाग नखाने खरवडला. तीनच निघालं. पुढे डब्याची ऐपत तपासायची. ज्यांच्यात जेमतेम ४ एमबी साठवण आणि ३२ एमबी रॅम आहे अशा जुन्या डब्यांना आता ही प्रणाली दारात उभं करत नाही. आमच्यात १६ आणि १२८ निघाले. माझा ऊर भरून आला. दहावीला मला गणितात मिळालेल्या गुणांपेक्षा हे जास्त होते.

दुसरं, योग्य फाइल. दोन फाइली असतात. एक कंपनीची प्रणाली पुसून पहिल्यांदा बसवायची, दुसरी पुढच्या सुधारणांची. चुकून दुसरी घेतली की संपलं. मी नाव सात वेळा वाचलं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. नवी प्रणाली आत लिहिली जात असताना वीज जाता कामा नये.

मी रात्री साडेदहाचा मुहूर्त काढला. इन्व्हर्टर तपासला. गीझर, इस्त्री, मिक्सर यांवर बंदी घातली. बायकोला सांगितलं, कन्येला सांगितलं, खबरदारी म्हणून वॉचमनलाही सांगितलं. तो "बरं साहेब" म्हणाला, कशाला ते त्याला कळलं नसावं. मग बटण दाबलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू पुढे सरकायला लागली. डब्याचे दिवे नारिंगी लुकलुकायला लागले. तीन-चार मिनिटांचं काम. मी सुटकेचा श्वास सोडून बाल्कनीत गेलो.

सांगायची राहिली ती एकच व्यक्ती. ती साडेनवालाच झोपली होती. ती पाणी प्यायला उठली, फ्रिज उघडायला गेली, वर नारिंगी दिवे लुकलुकताना पाहिले, आणि तिने आपल्या मुलाने शिकवलेलं कर्तव्य केलं.

"दहा आकडेसुद्धा मोजले हो मी," आई नंतर सांगत होती.

डबा गेला. एक दिवा मिणमिणत राहिला, बाकी शांतता. कन्येने जाणकारासारखी मान हलवली. "बाबा, याला ब्रिक होणं म्हणतात. म्हणजे वीट झाली."

आई म्हणाली, "असू दे. पुंडलिकाने वीट भिरकावली तर तिच्यावर पांडुरंग येऊन उभा राहिला. बघ, तुझ्या विटेवर कोण येतंय."

"वीट तर मलाही आलाय," बायको म्हणाली आणि झोपायला गेली.

नेट गेल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की नेट परत कसं आणायचं याची सगळी माहिती नेटवर असते. मग मोबाईलचा आधार. माझा रोजचा दीड जीबी डेटा सकाळी साडेनऊलाच संपला, कारण मी 'राऊटर जिवंत करणे' या विषयावर एका परदेशी तरुणाचे व्हिडिओ पाहत होतो. त्यातली पहिली चार मिनिटं तो स्वतःच्या कुत्र्याची ओळख करून देत होता. बायकोने आपल्या फोनचं हॉटस्पॉट द्यायला नकार दिला. तिच्या नेटवर तिची नोकरी चालली होती. कन्येने दिलं, पण एमबीगणिक हिशोब ठेवून.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "घाबरू नकोस मामा. बूटलोडर शाबूत असेल." हे त्याने अशा आवाजात सांगितलं, की पेशंट अजून आहे, पण तुम्ही नातेवाइकांना बोलावून घ्या.

गंमत अशी, की या बूटलोडरमुळे डब्याला शुद्धीवर येताना क्षणभर भान असतं. त्या क्षणी तो वायरच्या दुसऱ्या टोकाला एक ठरावीक फाइल मागतो. लॅपटॉपला ठरावीक पत्ता द्यायचा, १९२.१६८.०.६६, फाइलला त्याला हवं तेच नाव द्यायचं, स्पेलिंगचा एक ठिपकाही चुकवायचा नाही, आणि हातात ताट घेऊन उंबऱ्यात उभं राहायचं. एकदा तो क्षण टळला की गेला. फक्त हा क्षण आणायचा तर मागच्या बारीक भोकातलं रीसेटचं बटण टोकदार वस्तूने दाबून धरायचं, ते दाबलेलं असतानाच वीज चालू करायची, नीट मोजायचं आणि सोडायचं. यासाठी माणसाला तीन हात लागतात.

म्हणून सगळं घर कामाला लागलं. टोकदार वस्तू म्हणजे बायकोच्या साडीची सेफ्टी पिन, ती तिने "मोडली तर नवी पाकिटं आणायची, एक नाही" या अटीवर दिली. पिन मी धरली. विजेचं बटण कन्येकडे. बायकोकडे टॉर्च, कारण भोक दिसत नव्हतं. मोजायचं काम आईने मागून घेतलं.

पहिल्यांदा पिन निसटली. दुसऱ्यांदा कन्येने डब्याऐवजी फ्रिजचं बटण दाबलं. तिसऱ्यांदा आई सहापर्यंत आली आणि तिला शिंक आली. पाचव्यांदा सगळं जमलं, पण लॅपटॉपची फायरवॉल मध्ये उभी राहिली आणि डब्याला फाइल देईना. नवव्यांदा बेल वाजली, पेपरवाल्याचं बिल. अकराव्या वेळी बायको म्हणाली, "नवीन केवढ्याला मिळतो हा?" मी आकडा सांगितला. तिने टॉर्च बंद केला. मग आईने तो हातात घेतला.

चौदाव्या खेपेला डब्याने फाइल घेतली. दिवे एकामागून एक लागले. आईने हात जोडले. मीही जोडले, पिनसकट.

"नेट आलं?" आतून आवाज आला.

आलं नव्हतं. या प्रणालीचा स्वभाव असा, की ती नव्याने बसवली की तिचा वायफाय बंदच असतो. कुलूप आपण लावायचं, मग दार उघडायचं. तत्त्व योग्य आहे, पण तत्त्वावर कन्येची असाइनमेंट जात नाही. त्यात केबलवाल्याने पाच वर्षांपूर्वी आत घालून ठेवलेलं युजरनेम आणि पासवर्ड जुन्या प्रणालीबरोबर पुसले गेले होते.

"पासवर्ड? तुम्हाला कशाला हवा साहेब?" केबलवाल्याला इतका संशय आला, जणू मी त्याच्या बँकेच्या लॉकरची चावी मागितली.

"मी राऊटरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग काळजीच्या सुरात विचारणा झाली, "का?"

याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही. युजरनेम म्हणून आमच्या फ्लॅटच्या आधीच्या मालकांचं नाव निघालं आणि पासवर्ड एक ते सहा आकडे. पाच वर्षं आम्ही त्या गृहस्थांच्या नावावर इंटरनेट वापरत होतो.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सत्तेचे दिवस होते. डब्यात शेकडो कळा. डबा कोणत्या देशात आहे तेही मी सांगायचं. भारत निवडताना मी थोडा ताठ बसलो. पाहुण्यांसाठी वेगळा वायफाय काढला. आणि केक नावाचा तो दुकानदार बसवला. आता त्याची एक मागणी असते, की लाइनचा जेवढा वेग आहे त्यापेक्षा थोडा कमीच सांगा, म्हणजे रांग केबलवाल्याकडे न लागता माझ्याकडे लागेल आणि मी ती सांभाळीन. मी ८५ लिहिलं.

"म्हणजे पैसे शंभरचे भरायचे आणि घ्यायचे पंच्याऐंशीच?" बायकोने विचारलं. "आणि त्यासाठी पंधरा दिवस?"

मी झेरॉक्सच्या दुकानाचं उदाहरण दिलं. ती म्हणाली, "मी त्या दुकानातच जाणार नाही."

पण परिणाम झाला, हे कोणी नाकारू शकत नाही. पुढच्या मीटिंगला कन्या मुद्दाम मोठी फाइल वर चढवत होती आणि मी न गोठता, न अडखळता, बोटसुद्धा न थांबता बोललो. साहेब म्हणाले, "वा, आज तुमचा आवाज एकदम स्पष्ट आहे. मग आता सांगा, वसुली का झाली नाही?" पूर्वी या प्रश्नाला मी नेमका गोठायचो. पाच वर्षं त्या जुन्या डब्याने माझी किती अब्रू राखली होती, हे मला त्या क्षणी कळलं.

मग जाहिराती अडवायची सोय बसवली. बायको ज्या दुकानाच्या पानावरून कुर्ते बघायची ते अर्धवटच उघडायला लागलं. आईच्या पंचांगात तिथीच्या जागी पांढरा चौकोन. "आज एकादशी आहे का नाही, ते तुझा डबा ठरवणार का?" तिने विचारलं. शिवाय तिची तक्रार अशी, की साड्यांचे सेल तिला जाहिरातींतूनच कळायचे. मी ती सोय काढून टाकली. मग परत बसवली, पंचांगाला सूट देऊन. मग सेलला सूट देऊन. शेवटी एकूण सुटी इतक्या झाल्या, की अडवलेलं असं काही उरलं नाही.

या सगळ्यात मला एक पान सापडलं, दिव्यांचं. डब्याचा कोणता दिवा कशासाठी लागावा हे ठरवता येतं, किंवा न लागावा हेही. मी सगळे बंद केले. रात्री स्वयंपाकघरात निळा उजेड नको, आणि खरं सांगायचं तर मला हे जमतं याचा आनंद. डबा आता काळाकुट्ट, निःशब्द, योग्यासारखा बसून काम करत होता. कोणालाच सांगायचं मला सुचलं नाही.

परवा ऑफिसला जावं लागलं. परतीच्या लोकलमध्ये ठाण्याला उभ्यानेच फोन आला. आई.

"अरे, तुझा डबा मेला."

"आई, मेला नाही. दिवे बंद आहेत."

"तेच म्हणते मी. बंद करून चालू केला तर थोडा वेळ लुकलुकतो आणि परत जीव सोडतो. तीनदा केलं. म्हणून त्या केबलवाल्या मुलाला बोलावलं. गुणी आहे हो, दहा मिनिटांत आला."

"नेट चालू आहे का बघ! मोबाईलवर बघ!"

"ते चालूच होतं. पण दिवे नव्हते ना."

मुंब्र्याजवळ फोन कटला. दिव्याला परत लागला तेव्हा पलीकडे केबलवाला होता.

"साहेब, रीसेट मारलाय. आता दिवे मस्त लागले."

गाडीतल्या गर्दीतही मला एकदम गार वाटलं. या प्रणालीत रीसेटचं बटण क्षणभर दाबलं तर डबा नुसता परत सुरू होतो. पाच सेकंदांहून जास्त दाबलं तर आपण केलेली प्रत्येक गोष्ट पुसली जाते. पासवर्ड, केक, पाहुण्यांचा वायफाय, पंचांगाची सूट, भारत.

"किती वेळ दाबलं होतं?"

फोन आईने घेतला. "घाई नाही करू दिली मी त्याला. माझ्याकडची पिन दिली आणि दहा आकडे मीच मोजले."

मागून केबलवाल्याचा आवाज येत होता, "साहेबांना सांगा, यांच्या डब्यात वायफायच येत नाही. आपल्याकडे चार अँटेनावाला आहे, देऊ का बसवून?"